इंग्रजी अलंकारांची नावे : एक हरलेला प्रयत्न

गेल्या वर्षी माझ्या नातीचा इंग्रजीच्या चाचणीतील एक गुण माझ्यामुळे गेला. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकत होती. चाचणीच्या आदल्या रात्री ‘फिगर्स ऑफ स्पीच’ची लांबलचक यादी घेऊन ती माझ्यापाशी बसली. माझे शिक्षण वडोदऱ्यातच, मराठी माध्यमातून झाले आणि संस्कृतचे चांगले शिक्षक लाभल्यामुळे अलंकारांची गोडी तेव्हापासूनची आहे. त्या बळावर मी तिला एकेक जोडी लावून दिली. ‘सिमिली’ म्हणजे उपमा, ‘मेटाफर’ म्हणजे रूपक, ‘हायपर्बली’ म्हणजे अतिशयोक्ती. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण शास्त्र सांगण्याच्या भरात मी पुढे म्हणालो की उपमेय आणि उपमान दोन्ही सांगून त्यांचा अभेद कल्पिला तर रूपक. उपमेय पार गिळून टाकून नुसते उपमानच सांगितले, तर मात्र ती अतिशयोक्ती.

दुसऱ्या दिवशी नेमका तसाच प्रश्न आला. एका शूर सरदाराच्या आगमनाविषयी ‘दरबारात सिंह शिरला’ अशा अर्थाचे वाक्य होते. नातीने आजोबांवर विश्वास ठेवून ‘हायपर्बली’ लिहिले. अपेक्षित उत्तर ‘मेटाफर’ होते. घरी आल्यावर तिने विचारले, “आजोबा, तुमचं बरोबर की टीचरचं?”

खरे म्हणजे दोघांचेही बरोबर होते. मम्मटाच्या शास्त्राप्रमाणे ती अतिशयोक्तीच आणि इंग्रजी परंपरेप्रमाणे तो ‘मेटाफर’च. चूक होती ती मी लावलेल्या जोडीत. एका शास्त्राची नावे दुसऱ्या शास्त्राच्या नावांवर अशी अचूक बसतील, हे मी गृहीत धरले होते. त्या एका गुणाच्या निमित्ताने ही इंग्रजी नावे आली कोठून, याचा शोध घ्यावासा वाटला. त्या वाचनात एक जुना, हरलेला प्रयत्न भेटला. आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना तो विचार करायला लावील, म्हणून येथे मांडतो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, की इंग्रजी अलंकारांची ही नावे मुळात इंग्रजी नाहीतच. बहुतेक ग्रीक आहेत आणि लॅटिनच्या दारातून इंग्रजीत आलेली आहेत. ज्या शास्त्रात ती जन्मली त्या वक्तृत्वशास्त्राचा उगम मला, महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, फार ओळखीचा वाटला. इ. स. पूर्व पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिरॅक्यूज येथे जुलमी राजवट संपली. तिच्या काळात ज्यांच्या मालमत्ता हिरावल्या गेल्या होत्या, ते त्या परत मिळवण्यासाठी दावे घेऊन उभे राहिले. वकील नव्हते, ज्याचे त्याने बोलायचे. तेव्हा कोरॅक्स आणि टिसियस या दोघांनी न्यायसभेत कसे बोलावे याचे नियम बांधून दिले, अशी परंपरा सिसेरोने ॲरिस्टॉटलच्या आधाराने नोंदवली आहे. म्हणजे या शास्त्राचा पाळणा काव्यसभेत हलला नाही, जमिनीच्या दाव्यांत हलला. आपले अलंकारशास्त्र मात्र नाट्य आणि काव्य यांच्या अंगणात वाढले. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, तेही नाटकाच्या भाषेचा विचार करताना आलेले. एकाचा हेतू पंचांचे मन वळवणे हा, दुसऱ्याचा रसिकाला आनंद देणे हा. वाटा इथूनच निराळ्या झाल्या.

इ. स. पूर्व ४२७ मध्ये सिसिलीतील लिओन्टिनी नगराचा वकील म्हणून गॉर्जियस अथेन्सला आला आणि त्याच्या समतोल, यमकयुक्त वाक्यांनी अथेन्सचे लोक भारून गेले. पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटरिक’च्या तिसऱ्या भागात शैलीचा आणि ‘पोएटिक्स’मध्ये ‘मेटाफोरा’चा विचार केला. ‘मेटाफोरा’ या शब्दाचा अर्थ इकडून तिकडे वाहून नेणे असा आहे. आजही ग्रीसमध्ये मालवाहतुकीच्या गाड्यांवर तोच शब्द रंगवलेला असतो. त्यातील ‘फेरेइन’ हा धातू आणि आपल्या ‘भार’ शब्दातील ‘भृ’ धातू हे सख्खे भाऊबंद आहेत. तसेच ‘झ्यूग्मा’चे. एकाच क्रियापदाला दोन भिन्न शब्द जुंपणे असा तो अलंकार. त्याचे नाव, इंग्रजीतील ‘योक’, संस्कृतातील ‘युग’ आणि बैलांच्या मानेवरचे आपले ‘जू’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ॲरिस्टॉटल ‘मेटाफोरा’चा अर्थ फार व्यापक घेतो, एका वस्तूचे नाव दुसरीला दिले की झाले. म्हणूनच दरबारात शिरलेला सिंह तेथे सहज मावतो, आपल्या रूपकात मावत नाही.

ग्रीकांची ही विद्या रोमकडे गेली तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. परक्या नावांचे काय करायचे? इ. स. पूर्व पहिल्या शतकात लिहिलेला, दीर्घकाळ सिसेरोच्या नावावर मोडलेला ‘ऱ्हेटोरिका ॲड हेरेनियम’ हा ग्रंथ आहे. त्याच्या अनामिक कर्त्याने ग्रीक नावे बाजूला सारून शुद्ध लॅटिन नावे घडवली. ‘मेटाफोरा’चे ‘ट्रान्स्लाशिओ’, ‘हायपर्बली’चे ‘सुपरलाशिओ’, ‘मेटॉनिमी’चे ‘डिनॉमिनाशिओ’, ‘सिनेक्डकी’चे ‘इंटेलेक्शिओ’. ही नावे मध्ययुगात बरीच चालली, पण अखेरीस ग्रीक नावांपुढे टिकली नाहीत. त्यांतले ‘ट्रान्स्लाशिओ’ तेवढे ‘ट्रान्स्लेशन’ होऊन, भाषांतर या वेगळ्याच कामावर रुजू झाले. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियनने वक्त्याच्या शिक्षणावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रीक आणि लॅटिन अशी दोन्ही नावे येतात. त्या ग्रंथाची संपूर्ण प्रत शतकानुशतके विस्मृतीत होती. १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन विद्वानाला ती सेंट गॅलच्या मठात सापडली आणि युरोपात या विद्येला पुन्हा बहर आला.

इंग्लंडात हा बहर सोळाव्या शतकात पोचला. शाळा लॅटिन शिकवीत आणि मुलांकडून अलंकारांची नावे घोकून घेत. लंडनच्या सेंट पॉल शाळेसाठी इरॅस्मसने १५१२ मध्ये ‘डी कोपिया’ हे पुस्तक दिले. ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ हे एकच वाक्य शंभराहून अधिक तऱ्हांनी कसे लिहिता येते, ते त्यात करून दाखवले आहे. शेक्सपिअर याच प्रकारच्या शाळेत शिकला असे मानले जाते.

पण ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना ही विद्या कशी सांगावी? १५५० मध्ये रिचर्ड शेरी याने अलंकारांवरचे पहिले इंग्रजी पुस्तक काढले. त्याच्या नावातच ‘स्कीम’ आणि ‘ट्रोप’ हे दोन परके शब्द होते. हे शब्द इंग्रजी कानांना चमत्कारिक वाटतील याची त्याला जाणीव होती. प्रस्तावनेत त्याचे म्हणणे असे, की असे कितीतरी शब्द पूर्वी परके होते. वापराने ते आता आपल्याच रक्ताचे वाटू लागले आहेत, तसे हेही होतील. शेरीचे हे म्हणणे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सगळ्यांना हे पटणारे नव्हते. त्या काळी इंग्रजीत ग्रीक-लॅटिन शब्दांचा पूर आला होता आणि त्याविरुद्ध मोठा वाद पेटला होता. विद्वत्तेचा दिमाख मिरवणाऱ्या अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’ शब्द, म्हणजे दौतीतले शब्द, असे हिणवत. टॉमस विल्सन याने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वावरील ग्रंथात अशा शब्दांनी ठासून भरलेले एक विनोदी पत्र छापून त्यांची टर उडवली. केंब्रिजचा पंडित जॉन चीक याने शुभवर्तमानाचे भाषांतर करताना ‘सेंच्युरियन’ला ‘हंड्रेडर’ आणि ‘क्रुसिफाइड’ला ‘क्रॉस्ड’ केले. राल्फ लिव्हर याने १५७३ मध्ये तर्कशास्त्रालाच ‘विटक्राफ्ट’ म्हटले. व्याख्येला ‘सेव्हॉट’ आणि निष्कर्षाला ‘एंडसे’ असे शब्द घडवले. आपल्याला हे सारे ओळखीचे वाटते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला ‘राज्यव्यवहारकोश’, विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी चालवलेली भाषाशुद्धीची चळवळ, या आपल्या गोष्टींचीच ही इंग्रज भावंडे आहेत.

या सर्वांत मला सर्वांत लोभस वाटला तो जॉर्ज पटनम. १५८९ मध्ये ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’ हा ग्रंथ लंडनच्या रिचर्ड फील्डने छापला. कर्त्याचे नाव त्यावर नव्हते. तो पटनमचा, असे आता सामान्यतः मानतात. हा सरदार घराण्यातला गृहस्थ. आयुष्याचा मोठा भाग कोर्टकज्जांत गेलेला. ग्रंथाचा तिसरा भाग अलंकारांचा आहे. आपण शाळामास्तरांसाठी लिहीत नसून दरबारातील स्त्रीपुरुषांसाठी लिहीत आहोत, त्यांना ग्रीक नावांचा कंटाळा येईल, म्हणून त्याने प्रत्येक अलंकाराला घरगुती इंग्रजी नाव दिले.

ती नावे काय सुरेख आहेत! ‘आयरनी’ला त्याने ‘ड्राय मॉक’, म्हणजे कोरडी थट्टा म्हटले. ‘सार्कॅझम’ हा कडवट टोमणा. ‘हायपर्बली’ ही हाताच्या टप्प्यापलीकडे झेप घेणारी. तिचेच दुसरे नाव ‘लाउड लायर’, मोठ्या आवाजात खोटे बोलणारी. नाक मुरडून केलेल्या उपहासाला ‘फ्लीअरिंग फ्रम्प’, गोड बोलून घेतलेल्या चिमट्याला ‘प्रिव्ही निप’. एकच शब्द मध्ये काही न घालता पुन्हा पुन्हा उच्चारला तर तो ‘कुकू-स्पेल’, कोकिळेचा मंत्र. ‘मेटॉनिमी’ ही नाव चुकवून हाक मारणारी आणि ‘मेटाफर’ ही वाहतूक करणारी. आधीचे नंतर आणि नंतरचे आधी सांगणाऱ्या ‘हिस्टेरॉन प्रोटेरॉन’ला त्याने ‘प्रिपॉस्टरस’ म्हणून घोड्यापुढे गाडी जुंपल्याचा दाखला दिला. आपण त्यालाच आधी कळस मग पाया म्हणतो. ‘ॲलिगरी’ला तर तो दरबारीच म्हणतो, कारण ती बोलते एक आणि तिच्या मनात असते दुसरे.

एवढी अर्थवाही, हसरी नावे असूनही त्यांतले जवळजवळ एकही चालले नाही. आज जगभरचे विद्यार्थी ‘आयरनी’ आणि ‘हायपर्बली’च म्हणतात. गंमत म्हणजे याच ग्रंथात पटनमने कोणते परके शब्द इंग्रजीत घ्यावेत आणि कोणते नाकारावेत यावर एक प्रकरण लिहिले आहे. ‘सायंटिफिक’, ‘मेथड’, ‘इडियम’ हे शब्द आपण का वापरले याचे तो समर्थन करतो. ‘ऑडेशस’, ‘एग्रेजस’, ‘कॉम्पॅटिबल’ यांना मात्र नकार देतो. काळाने त्याचा नकार जुमानला नाही. ‘कॉम्पॅटिबल’ हा शब्द आज संगणक विकणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराच्याही तोंडी आहे.

हा प्रयत्न का हरला? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण शाळेचे. पटनम दरबारासाठी लिहीत होता आणि शाळेत मुले लॅटिन पुस्तकेच घोकत होती. १५४० च्या सुमारास निघालेले सुसेनब्रोटस या शिक्षकाचे अलंकारांचे लॅटिन पुस्तक इंग्लंडच्या शाळांतही चाले. हेन्री पीचमने १५७७ मध्ये ‘द गार्डन ऑफ एलोक्वेन्स’ या इंग्रजी ग्रंथात सुमारे दोनशे अलंकार दिले, तेही ग्रीक-लॅटिन नावांनीच. मास्तरांच्या तोंडचे नाव मुलाच्या जिभेवर बसते. दरबारी बाईंच्या मेजावरच्या पुस्तकातले बसत नाही.

दुसरे कारण शब्दाच्या घडणीचे. ‘आयरनी’पासून ‘आयरॉनिक’, ‘आयरॉनिकली’ असा परिवार वाढतो. ‘ड्राय मॉक’ला मूलबाळ होत नाही. शिवाय घरगुती शब्दाला स्वतःचा जुना अर्थ आणि रंग असतो. हायपर्बलीला ‘खोटे बोलणारी’ म्हटले की तिच्याविषयी मत आधीच होऊन बसते. शास्त्रातील संज्ञा थोडी मुकी असावी लागते. तिच्यात आपल्याला हवा तो नेमका अर्थ भरता आला पाहिजे.

तिसरे कारण शेजाऱ्यांचे. फ्रेंच, इटालियन, जर्मन या साऱ्यांनी तीच ग्रीक नावे घेतली होती. लंडनचा विद्वान पॅरिसच्या विद्वानाशी बोलताना ‘प्रिव्ही निप’ म्हणून काय करणार?

पुढे या संज्ञांवर कठीण दिवसही आले. टॉमस स्प्रॅटने १६६७ मध्ये रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिताना अलंकारिक भाषेवर झोड उठवली आणि १६९० च्या आपल्या तत्त्वग्रंथात जॉन लॉकने तिला फसवणुकीचे साधन ठरवले. तरी नावे टिकली, कारण ती शाळेत टिकली. १७८३ मध्ये एडिंबरोच्या ह्यू ब्लेअरची व्याख्याने आणि १८६६ मध्ये ॲलेक्झांडर बेनचे रचनेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. बेनने अलंकारांची गर्दी कमी करून साम्य, विरोध आणि सान्निध्य या मनाच्या तीन व्यापारांभोवती त्यांची मांडणी केली. अशाच पाठ्यपुस्तकांच्या मार्गाने ही नावे आपल्या देशात आली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक मार्टिन यांचे व्याकरण आपल्या घराघरांत होते. त्यातले ‘फिगर्स ऑफ स्पीच’चे प्रकरण मी विद्यार्थिदशेत पाठ केले आणि वर्गात ‘हायपरबोल’ असा उच्चार करून हशाही ओढवून घेतला.

आता पुन्हा नातीच्या यादीकडे येऊ. पटनम आणि पीचम लिहीत होते त्याच सोळाव्या शतकात आपल्याकडे अप्पय्य दीक्षितांनी जयदेवाच्या ‘चंद्रालोका’च्या आधारे ‘कुवलयानंद’ लिहिला आणि शंभराहून अधिक अलंकार सांगितले. दोन्हीकडे तेवढाच सूक्ष्म विचार आहे, पण कप्पे निराळे आहेत. ‘मेटॉनिमी’ला अलंकारांत जोडीदार शोधला तर सापडत नाही. ‘गांधीनगरने फाइल परत पाठवली’ असे आम्ही कचेरीत रोज म्हणत असू. फाइल गावाने नव्हे, तिथल्या सरकारने पाठवलेली असे. इंग्रजीत ही ‘मेटॉनिमी’. आपल्या शास्त्रात ती अलंकार नाहीच, ती लक्षणा ही शब्दशक्ती. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ या प्रसिद्ध उदाहरणातली. ‘घरात खाणारी आठ तोंडे आहेत’ ही ‘सिनेक्डकी’ही तिथेच जाते. ‘आयरनी’चा काही भाग व्याजस्तुतीत येतो, बराचसा उपरोध या साध्या शब्दात, आणि नाटकातील ‘आयरनी’ कशातच पूर्ण मावत नाही.

उलट ‘पर्सॉनिफिकेशन’ची कथा पाहा. मराठी शालेय व्याकरणात तिला चेतनगुणोक्ती हे नाव मिळाले. आमच्या शेजारची गुजराती मुले तिला सजीवारोपण म्हणतात आणि हिंदीच्या पुस्तकात ती मानवीकरण असते. तिन्ही नावे देशी आणि तिन्ही जिवंत आहेत, कारण तिन्ही वर्गात शिकवली गेली आणि प्रश्नपत्रिकेत विचारली गेली. म्हणजे देशी नाव टिकतच नाही, असा पटनमच्या पराभवाचा अर्थ नव्हे. ज्याला शाळा मिळते ते नाव टिकते, मग ते देशी असो वा परके.

कचेरीतही मी हेच पाहिले. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, बडोद्यात ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश सिद्ध झाला. त्यामागील कष्ट आणि दृष्टी यांना तोड नाही. पण माझ्या नोकरीत अर्ज, दाखला, जमीन, तारीख हे फारसी-अरबी शब्दच टेबलावर राज्य करीत होते आणि ते परके आहेत हे अर्जदाराच्या स्वप्नातही नव्हते. इकडे सावरकरांचा ‘महापौर’ मात्र आज कोणाला नवा वाटत नाही, कारण तो रोज वापरात आला. शेरीने १५५० मध्ये म्हटले होते तेच खरे ठरले.

नातीला मी आता जोड्या लावून देत नाही. इंग्रजीच्या वहीत इंग्रजी नाव आणि त्याची इंग्रजी मर्यादा, मराठीच्या वेळी मराठी नाव आणि त्याची मर्यादा, असे आम्ही ठरवले आहे. अर्थ समजावताना मात्र पटनमची मदत घेतो. ‘आयरनी’ची पाठ्यपुस्तकातली व्याख्या तिच्या डोक्यात शिरत नव्हती, ‘कोरडी थट्टा’ म्हणताच ती हसली आणि माझ्याच बोलण्यातली तीन उदाहरणे तिने काढून दाखवली. संज्ञा म्हणून हरलेले ते शब्द सव्वाचारशे वर्षांनी एका मराठी घरात शिकवण्याच्या कामी आले, हे पटनमला कळते तर त्याला बरे वाटले असते.

शेवटी आपल्या घरांविषयी एक शब्द. आपले पूर्वज या प्रांतात आले तेव्हा परकेच होते; वापराने, व्यवहाराने, शेजाराने ते इथले झाले. आपली मराठीही इथे अशीच टिकली, पण तिची शाळा आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापुरती उरली आहे. नातीने परवा विचारले, “आजोबा, चेतनगुणोक्ती लिहिताना ‘उक्ती’तला ‘ती’ दीर्घ का?” इंग्रजीच्या यादीतून निघालेला तो मराठीचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी आम्ही इंग्रजीची वही बाजूला ठेवली आणि मराठी व्याकरण उघडले.